दीड मीटर भागिले दोन सेंटिमीटर

पुण्यात सायकलचं हेल्मेट घ्यायचं तर फार डोकं चालवावं लागत नाही. रविवारी पहाटे सिंहगडाच्या दिशेने निघणाऱ्या जथ्यातल्या कुणालाही विचारायचं. तो एक इटालियन नाव सांगतो, आपण मनातल्या मनात हप्त्यांचा हिशोब करतो आणि घेऊन टाकतो. सोबत चष्मा, हातमोजे आणि ती चिकट चड्डी. (पुढे सायकलवर टॉवेल वाळत पडतात, तो भाग वेगळा.)

पण समजा, हेल्मेट घालणारी मुलगी आठवीत आहे, सिहोऱ्याला राहते, आणि तिच्या बाबांनी बजावून सांगितलंय की हजार रुपयांच्या वर एक पैसा जाणार नाही. मग?

सिहोरा हे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, तुमसर-बपेरा रस्त्यावरचं गाव. बपेऱ्याच्या पुढे मध्य प्रदेश. जवळच चांदपूरचा तलाव, बाकी जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या. माझी ताई तिथे दिलेली. भाची सायकलने शाळेत जाते. शाळा फार लांब नाही, पण वाटेत थोडा तुकडा मोठ्या रस्त्याचा लागतो आणि त्यावर ट्रॅक्टर, बस, रेतीचे टिप्पर सगळेच. मळणीच्या दिवसांत डांबराच्या कडेलाच धान वाळत घातलेलं असतं, म्हणजे सायकलवाला आपोआप रस्त्याच्या मध्यात.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या वर्गातली एक मुलगी पडली. टिप्पर नाही, ट्रॅक्टर नाही. बकरी! बकरीला चुकवायला गेली आणि डोक्यावर आपटली. सात टाके, आणि नंतर दोन दिवस उलट्या. ताईचा त्याच रात्री फोन आला, "तू घालतोस तसलं काहीतरी हिच्यासाठी बघ ना."

मी म्हटलं, माझ्यातर्फे पाठवून देतो. भाऊजींनी फोन घेतला. "पाठवू नका. पोरगी माही हाये, हेलमेट मीच घेतो. हजारात काय येते ते सांगा फक्त." आणि बरोबरच आहे त्यांचं. शिवाय प्रश्न एका भाचीचा नव्हताच, ते पुढे येईलच.

आधी कायद्याचं बघितलं, कारण आपल्याकडे हेल्मेट म्हटलं की पहिला विचार पोलिसाचा येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९. त्यातली सक्ती मोटारसायकल-स्कूटरवाल्यांना. सायकल मुळात मोटार वाहनच नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्काशिवायचं हेल्मेट विकायला बंदी आली, तीही मोटार दुचाकीच्या हेल्मेटांपुरती. तिथे आयएस ४१५१ हे मानक लागतं. सायकलचं हेल्मेट या सगळ्यातून सुटलेलं, त्यामुळे बाजारात हेल्मेटच्या आकाराचं काहीही 'सायकल हेल्मेट' म्हणून मिळतं. सायकलींसाठी सरकार पैसे देतं. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. सायकलीवर बसलेल्या डोक्याचं मात्र ज्याने त्याने बघायचं.

गंमत म्हणजे हेल्मेटच्या इतिहासातही सायकलवरची मुलं आहेत. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होता. समोर अचानक सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो पडला आणि काही दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि हेल्मेटचा विषय गंभीरपणे घेतला जाऊ लागला. असो.

आता माझ्यातल्या इंजिनिअरचा आवडता भाग. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, पण गाळू नका :-)

सायकलच्या हेल्मेटचं युरोपीय मानक म्हणजे ईएन १०७८. त्याच्या चाचणीत डोक्याच्या आकाराचा धातूचा गोळा हेल्मेट घालून सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. हा आकडा उगाच नाही, साधारण दीड मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग तो. म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं नुसतं बाजूला कलंडून जमिनीला लागलं तर जेवढा वेग, तेवढा. आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटीच्या वर जाता कामा नये, ही अट. (अमेरिकन मानकात दोन मीटर आणि ३०० पट.) आता अकरावीचं फिजिक्स आठवा. सरासरी धक्का किती पट? पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर थांबायला समजा दोन मिलिमीटर मिळतात. दीड मीटर भागिले दोन मिलिमीटर, ७५० पट. हेल्मेटमधला थर्माकोल चेपून दोन सेंटिमीटर मिळाले, तर ७५. प्रत्यक्षात क्षणभराचा कमाल धक्का सरासरीपेक्षा बराच जास्त असतो, पण मुद्दा तोच राहतो.

म्हणजे आपण पैसे मोजतो ते त्या दोन सेंटिमीटरसाठी. ते द्यायला लागतो दाबून घट्ट केलेला थर्माकोल, आणि थर्माकोल काही महाग नाही! महाग असतात जास्तीची भोकं, कमी वजन, वाऱ्याला कापणारा आकार आणि इटालियन नाव. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तारे द्यायला सुरुवात केली. त्या यादीतही किंमत आणि तारे हातात हात घालून चालत नाहीत. भाऊजींचे हजार रुपये पुरेसे आहेत, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

हे हेल्मेट टिप्परपासून वाचवणार नाही, हेही ताईला स्पष्ट सांगितलं. ते बकरीसाठी आहे. पण शाळेच्या वाटेवर बकऱ्या जास्त.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा आधी तालुक्याला चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "गाडीचं पायजे का? सायकलले कोन घालते साहेब हेलमेट?" मग आतून शोधून एक आणलं, साडेतीनशे रुपयांचं. बाहेरून झकास, कार्टूनचं चित्र वगैरे. आत अंगठा दाबला तर सगळा स्पंज. अंगठा काढला की परत वर. स्पंज डोक्याला मऊ लागावा म्हणून असतो, धक्का खाणारा थर अंगठ्याने दबत नाही. याला तो थरच नव्हता, मानकाचा शिक्का नव्हता, तारीख नव्हती. मोटारसायकलचं घालावं तर ते किलोभराचं, कानांवर झाकण, आणि आमच्याकडचा मे महिना! एका दिवसात खुंटीला लागलं असतं.

शेवटी नागपूर. क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानात त्यांच्याच ब्रँडचं साधं हेल्मेट हजाराच्या आत मिळालं. आत लेबल, लेबलवर ईएन १०७८, बनवल्याची तारीख, आणि मागे घट्ट-सैल करायची चकती. माप आधीच घेतलं होतं, ताईच्या शिलाई मशीनच्या टेपने, भुवईच्या थोडं वरून, ५४ सेंटिमीटर. "पोरगी वाढते, एक नंबर मोठं घ्या," असं भाऊजींनी सुचवून पाहिलं. चपलांना ठीक आहे. मोठं हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. चकतीत जेवढी जागा आहे तेवढीच वाढायची मुभा.

घालायची पद्धत दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून मागे नाही. पट्ट्यांचा वाय कानाच्या खाली जुळला पाहिजे. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. मग मान जोरात हलवायची; हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागाहून नाही. शाळेच्या दोन वेण्या चालतात, कानाखालून सुरू होत असतील तर. उंच पोनी चालत नाही. आतून पातळ स्कार्फ बांधला तरी हरकत नाही, मात्र तो बांधून माप पुन्हा बघायचं. आणि एकदा जोरात आपटलं की फेकायचं, वरून कितीही धड दिसलं तरी. आतला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

एवढं सगळं केलं, आणि भाची आरशात बघून म्हणाली, "मामाजी, हे घालून मी शारेत नाही जात. पोरी हासतीन ना मंग."

झालं! ५.४२ मीटर, २५० पट, सगळं एका वाक्यात आडवं. मार्ग ताईने काढला. चौघी मैत्रिणी रोज सोबत जातात. एकीने घातलं तर सोंग, चौघींनी घातलं तर टोळी. ताई एका दुपारी तीन घरं फिरून आली. आणि तेव्हा मला हजारचा आकडा खरा कळला. भाऊजी कदाचित दोनही देऊ शकले असते, पण तीन हजारांचं हेल्मेट दाखवून शेजारच्या घरी 'तुम्हीही घ्या' म्हणता येत नाही.

दोन घरं तयार झाली, त्यातलं एक त्या टाके पडलेल्या मुलीचं. त्यांची हेल्मेटं मी पुढच्या फेरीत आणली, पैसे रोख मोजून घेतले. चौथीचे वडील धानाचे पैसे आले की बघू म्हणतात. तिचं माप ५६, रंग पिवळा, दुकानात पाहून ठेवलंय. परस्पर घेऊन देऊ का, असं विचारलं तर भाऊजी नको म्हणाले. तो माणूस घेणार नाही आणि वर पोरीलाच बोल लावेल.

सध्या मोठ्या रस्त्यावर आल्या की तिघी तिला कडेच्या बाजूने घेतात, असं भाची परवा फोनवर सांगत होती.