कोरडा चिल्लई-कलां

२२ जानेवारी, गुलमर्ग
टंगमर्गला गाडीवाल्याने चाकांच्या साखळ्या डिकीतून काढल्याच नाहीत. तेरा किलोमीटर घाट, काच खाली करून आलो. धूळ. जानेवारीत!

गोल्फ कोर्सचं गवत पिवळं पडलेलं दिसतंय. चर्चच्या मागे, सावलीत, मळका बर्फ तेवढा. स्लेजवाले बसून आहेत. घोडेवाल्यांची मात्र चंगळ.

लेकीने स्कीची बॅग उघडली नाही.

२३ जानेवारी
चिल्लई-कलां २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस. मग वीस दिवस चिल्लई-खुर्द, दहा दिवस चिल्लई-बच्चा. हॉटेलवाले चाचा बुखारीत लाकूड सारत सांगत होते: या चाळीस दिवसांत पडलेला बर्फच टिकतो, उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी त्याचंच. उशिरा पडलेला लगेच वितळून जातो. पुढे बराच वेळ भाताच्या लावणीबद्दल बोलले. रिकाम्या खोल्यांबद्दल एक शब्द नाही.

रात्र निरभ्र. आभाळभर तारे, आणि जो तो वैतागलेला.

२४ जानेवारी
गोंडोलाने कोंगडोरीला. हा टप्पा १९९८ पासून आहे. पुढचा, अफरवटकडे जाणारा, २००५ पासून. तो ३,९०० मीटरच्या वर नेतो. लेकीचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या टप्प्यापलीकडच्या उतारांवर. राखलेली वाट नाही, खांब नाहीत, दोऱ्या नाहीत. जगभरचे लोक त्यासाठीच इथे येतात म्हणे. आज तिथे खडक वर आलेत.

गाइडने सावलीतल्या बर्फाचा वरचा कडक पापुद्रा बुटाने फोडला, खालचा बर्फ ओंजळीत घेतला. गोळा होईना. जाड साखरेसारखा बोटांतून गळून गेला. त्याने हात झटकले, काही बोलला नाही. लेकीने फोटो काढला.

२५ जानेवारी
यांचा फोन. ‘बर्फ नाही तर परत या, तिकिटं बदलू.’ लेक म्हणाली, ‘बाबांना सांग, चार दिवसांत येतोय.’ कोण येतोय? वेस्टर्न डिस्टर्बन्स. पार भूमध्य समुद्राकडून निघतो. ती दिवसातून दहादा मोबाइलवर त्याची चाल बघते. पावसाळ्यापूर्वी आमचे सासरे असेच रेडिओला कान लावून बसायचे.

नून चाय. गुलाबी, खारट. दुसऱ्या पेल्यापासून आवडायला लागला.

२६ जानेवारी
सकाळी झेंडावंदन. बाकी काही नाही.

२७ जानेवारी
दुपारी उजेड मळला. गुडघा दुखतोय. चाचा दोनदा अंगणात जाऊन आले.

२८ जानेवारी
पडला! चार बोटं असेल. पण सगळं गाव बाहेर. स्लेजवाल्यांची भांडणंही सुरू झाली, बरं वाटलं.

मी पहिल्यांदा स्की बांधल्या. उस्ताद माझ्या निम्म्या वयाचा. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, वजन पुढे. मन मागे रेलायला सांगतं. मागे रेललं की स्की ऐकत नाहीत, सुटतात. बुटात पाय सिमेंटमध्ये बसवल्यागत. तरी दहा-बारा हात घसरत गेले आणि थांबले. स्वतःहून.

३० जानेवारी
रात्रभर चालू. वीज गेली. गोंडोला बंद. चाचांनी निखाऱ्यांची कांगडी दिली. फिरनच्या आत धरायची हिंमत होत नाही, मांडीवर ठेवून बसले.

लेक खुशीत. गाणी म्हणत बॅग लावतेय: बीकन, जोडायची सळई, फावडं. कोसळत्या बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत काढला तर वाचण्याची आशा बरी, पुढे झपाट्याने कमी. हे तिने मला टॉवेल घडी करता करता सांगितलं.

बीकन लपवून शोधायचा खेळ खेळलो. मी गादीखाली ठेवला. लगेच सापडला. दुसऱ्यांदा कपाटात. पुन्हा सापडला. मला अजून खेळायचं होतं.

३१ जानेवारी
थांबलेला नाही. वारा.

१ फेब्रुवारी
थोडं उघडलं. गाइडने जंगलाच्या कडेला, सौम्य उतारावर खड्डा खणला. बर्फाची उभी भिंत दिसते: वर नवा, पांढराशुभ्र, जड. मध्ये पातळ पापुद्रा. त्याखाली तीच साखर. बाजूंनी कापून एक खांब मोकळा केला, माथ्यावर फावडं आडवं ठेवलं आणि थापट्या मारायला लागला. आधी मनगटातून, मग कोपरातून. कोपरातून दुसऱ्याच थापटीला वरचा अख्खा ठोकळा सरळ सरकून पुढे आला. कापल्यासारखा.

आठवडेच्या आठवडे उघडं आभाळ, कडक थंडी, पातळ थर: त्यातच खालच्या बर्फाचे असे दाणे होतात. एकमेकांना धरत नाहीत. आता त्यावर एवढं ओझं. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यांत वाईट. लेकीला हवेत तेच.

‘कितने दिन?’ तिने विचारलं.
‘पहाड़ से पूछिए.’
मला हे उत्तर फिल्मी वाटलं. तिने नीट विचारल्यावर म्हणाला, निदान चार-पाच दिवस, तेही पाहून. पुढचा बर्फ येतोच आहे.

आमचं विमान परवा.

रात्री
ती जेवली नाही. ‘दुसरा गाइड बघते.’ मी गप्प. बोलले असते तर नक्की गेली असती.

२ फेब्रुवारी
सकाळी खोलीत नाही. बुटांचा स्टँड रिकामा. चाचांना विचारलं, बाजारात विचारलं. गोंडोलाचा दुसरा टप्पा अजून बंद, हे तिकीटखिडकीवरच्या मुलाकडून दोनदा वदवून घेतलं.

अकराला आली. त्याच गाइडबरोबर गेली होती, आणखी दोन खड्डे खणायला. हातमोजे ओले, नाक लाल. दोन्हीकडे ठोकळा सरकला, एकीकडे तर मनगटाच्या थापटीलाच. वहीत आकृती काढून थरांची मापं लिहीत बसली. भूक लागली म्हणाली.

मी राजम्याच्या दोन थाळ्या मागवल्या. यांना फोन केला नाही.

३ फेब्रुवारी, श्रीनगर विमानतळ
एकटीच. तिने तिकीट पुढे ढकललं. टंगमर्गपर्यंत आज साखळ्या लावून. विमान उशिरा, धावपट्टीवर बर्फ.

यांनी विचारलं, ‘तिला ठेवून आलीस?’ म्हटलं, ‘ती राहिली.’

तिचा मेसेज: ‘गाइड अजून नाहीच म्हणतोय. तुझ्या उतारावर बारक्या पोरांना स्की बांधून देतेय. उस्तादाने विचारलंय, तुझी आई पुढच्या वर्षी येणार का?’

गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची. सोमवार.