धरणे आणि सोडणे

गाडीचे गुण सांगताना माणसे तिच्या वेगाविषयी बोलतात, पेट्रोलच्या खर्चाविषयी बोलतात. ब्रेकची आठवण होते ती तो लागला नाही म्हणजे. लागलेला ब्रेक सुटत नाही, हाही तितकाच गंभीर दोष आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. जुन्या गाडीत या दोषाचे मूळ बहुधा पुढच्या चाकातील कॅलिपरमध्ये असते.

आमची गाडी मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी भारतीय रस्त्यांवर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. नांदेड-लातूरकडील अंगणांतून ती अजूनही दिसते. कन्या लातूरला शिकत असताना नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने आमच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. बालाघाटाचे चढउतार, हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या, अंधारात अकस्मात समोर येणारी जनावरे, अशी ती वाट. एकदा ब्रेकला पाय न लावताही गाडी डावीकडे ओढू लागली. थांबून पाहिले तो डावे चाक तापलेले आणि जळका वास येत असलेला. एका गॅरेजात नवे पॅड घालून मिळाले. काही महिन्यांतच त्यांतला एक झिजून पत्र्याला आला. तेव्हा आम्ही कॅलिपर घरीच उघडून, समजून घेऊन, दुरुस्त करावयाचे ठरविले.

त्यामागील तत्त्व फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. पायाने दाबलेला पिस्टन लहान आणि चाकाजवळचा चौपट क्षेत्रफळाचा असेल, तर तेथे जोरही चौपट मिळतो. त्या जोरावर पॅड फिरत्या डिस्कला धरतात. मग ते सुटतात कसे? पिस्टनभोवती चौकोनी कडांचे एक रबरी कडे बसविलेले असते. पिस्टन पुढे सरकताना हे कडे किंचित मुरडते आणि दाब संपताच पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे घेते. तेवढ्यावर चाक मोकळे फिरते.

वयोमानाने रबर कडक होते. त्याच्या खाचेत गंज साचतो. वरचे धूळरोधक रबर फाटले की काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातील चिखल आत शिरतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्याही आखडतात. पॅड डिस्कला घासत राहतो, उष्णता वाढते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ३ ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी ते १४० अंशांवर येते. ऑईल उकळून वाफ झाली की दाब पोहोचत नाही आणि पॅडल तळाला जाते. जो ब्रेक सुटत नाही तो शेवटी धरतही नाही, तो असा.

काम करताना जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना उटी हवी आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता घोडीवर टेकविलेली हवी. कॅलिपर नळीवर लोंबू न देता तारेने बांधावा. पिस्टनपुढे लाकडी फळी ठेवून पॅडल हळूहळू दाबले की पिस्टन बाहेर येतो; दाबाची हवा वापरल्यास तो गोळीसारखा उडून बोटे चेचू शकतो. जुने कडे लाकडी काडीने काढावे, पेचकसाने नव्हे. गॅरेजात सर्व काही रॉकेलने किंवा डिझेलने धुण्याची रीत असते. ब्रेकच्या रबराला ते विष आहे, त्याने रबर फुगते. स्पिरिटने पुसून, नवे रबर ताज्या ब्रेक ऑईलमध्ये भिजवून बसवावे. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर तो टाकून द्यावा. आणि डाव्या बाजूचे काम झाले की उजव्या बाजूचेही करावे, म्हणजे दोन्ही चाके सारखीच धरतात.

अखेरीस हवा काढणे. हे काम एकट्याचे नव्हे. सौभाग्यवती पॅडलवर आणि आम्ही चाकाशी, पारदर्शक नळी व बाटली घेऊन. "दाब... धरून ठेव." निपल सैल केले की बुडबुडे येतात, ते घट्ट केल्याखेरीज "सोड" म्हणावयाचे नाही, नाहीतर हवा परत आत जाते. वरची टाकीही रिकामी होऊ द्यावयाची नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, आता कडक लागतंय." तरीही गळती नाही ना हे पाहून, मोकळ्या गल्लीत अगदी सावकाश गाडी चालवून, वारंवार थांबवून पाहिल्यावरच आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.

केवळ पैसे वाचविण्यासाठी मात्र ब्रेकला कोणी हात लावू नये. नळी गंजलेली असेल, सिलिंडरच आतून खराब असेल, किंवा काम पुरते उमगले नसेल, तर जाणत्या कारागिराकडेच जावे आणि पॅडबरोबर कॅलिपरही उघडून पाहावयास त्याला आवर्जून सांगावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. रबर काही त्या तारखेची वाट पाहत नाही. ब्रेक आपल्या गाडीत असला तरी त्याच्या भरवशावर रस्ता ओलांडणारी माणसे अनोळखी असतात, आणि त्यांनी आपली गाडी कधी तपासून पाहिलेली नसते.