आम्ही गिधाडे पाहावयास गेलो

गिधाडाचे नाव निघाले की पुष्कळांस किळस येते. कोणास दूषण द्यावयाचे असले म्हणजेच काय ती आपणांस या पक्ष्याची आठवण होते. आमचे मात्र बालपणच त्याच्या शेजारी गेले. नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्याबाहेर ओढ्याकाठी मेलेली ढोरे टाकण्याची जागा होती व शाळेची वाट तिच्या अंगावरूनच जाई. तेथे पन्नास-पन्नास गिधाडे माना आखडून बसलेली असत. सकाळी टाकलेल्या जनावराचा शाळा सुटेतो केवळ सांगाडा उरे. दुर्गंधी म्हणून येत नसे.

१९९४ साली आमच्या घरचा बैल गुडघ्याच्या सुजेने लंगडू लागला. वडिलांनी त्यास सुई टोचवून घेतली. औषध कोणते, हे त्या काळी कोण विचारतो? बैल दुसऱ्याच दिवशी गेला व रीतीप्रमाणे त्यास ओढ्याकाठी नेऊन टाकले. त्या रात्री आई जेवली नाही एवढे आम्हांस स्मरते. पुढे दोन-तीन वर्षांत ती जागा ओस पडली. सांगाड्यांभोवती कुत्र्यांची झुंबड दिसू लागली. गिधाडे कोठे गेली, हे गावात कोणी कोणास विचारले नाही, आम्हीही नाही.

कारण कळावयास २००४ साल उजाडले. सूज व वेदना यांवर जनावरांस दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसात उरते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते व थोड्याच दिवसांत ते मरते, असे संशोधकांनी त्या वर्षी सिद्ध केले. १९९२ साली भारतात पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती असे धरले, तर २००७ साली त्यांतील एखादेच उरले होते! जनावरांसाठी या औषधावर आपल्या सरकारने २००६ साली बंदी घातली. त्याच जातीच्या केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांवर २०२३ साली. मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध उपलब्ध आहे. ज्या पालकांच्या घरी गुरे आहेत त्यांनी हे नाव कृपा करून लिहून ठेवावे.

असो. मार्चच्या आरंभी आठ विद्यार्थ्यांसह आम्ही रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात गेलो. तेथे चिरगावच्या बाजूस उंच झाडांवर या गिधाडांची घरटी आहेत. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील असंख्य जुनी झाडे उन्मळून पडली. तरी पक्षी टिकून राहिले आहेत.

आकाशात पाहून गिधाड ओळखणे वाटते तितके सोपे नाही. पंख फळीसारखे रुंद, शेपटी आखूड, डोके इवलेसे; एवढे दिसले की गिधाड म्हणावे. घारीची शेपटी दुभंगलेली असते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पंखांखाली पुढचा अर्धा भाग पांढरा व मागचा काळा असतो. लांब चोचीचे गिधाड फिकट तपकिरी असून ते बहुधा कड्याच्या कपारीत घरटे करते. खरी फसगत होते ती पिलांच्या बाबतीत. पांढऱ्या पाठीच्या पिलाची पाठ पांढरी नसतेच! आमच्या एका विद्यार्थ्याने पाचरीसारख्या शेपटीचा पांढरा पक्षी पाहून “पांढरे गिधाड!” म्हणून आरोळी ठोकली. छायाचित्र मोठे करून पाहता तो समुद्रगरुड निघाला. पांढऱ्या गिधाडाचे तोंड पिवळेधमक असते. याचे डोके शुभ्र होते. म्हणूनच आम्ही मुलांस सांगतो की अस्पष्ट छायाचित्रही पुसून टाकू नये.

छायाचित्र घेण्याची एक अडचण सांगण्याजोगी आहे. तेजस्वी आकाशापुढे काळा पक्षी आला की कॅमेरा आकाशावरून प्रकाश मोजतो व पक्ष्याचा नुसता कोळसा होतो. तेव्हा प्रकाश हाताने वाढवावा. जमीन तापून वारा वर चढू लागला, म्हणजे नऊ-दहाच्या सुमारास, पक्षी घिरट्या घेतात. तोवर धीर धरावा.

आम्हांस तोच धरवला नाही. डोंगराची पायवाट एका घरट्याहून किंचित उंच होती. घरट्यात एकुलते एक पिलू, व त्यावर पंख पसरून एक मोठे गिधाड उभे होते. वाटाड्याने मनाई केली असताही चांगल्या चित्राच्या लोभाने आम्ही वीस पावले पुढे सरलो. पक्षी उडाला, उडताना त्याने पाठ आमच्याकडे केली, आणि आम्ही कळ दाबली.

“गुरुजी, मागं व्हा!” वाटाड्या दबल्या आवाजात ओरडला. “ते पोराला सावली धरून होतं.”

आम्ही मागे झालो. पक्षी वर घिरट्या घालीत राहिला. पिलू उन्हात मान टाकून पडले होते. विद्यार्थ्यांपैकी कोणी आमच्याकडे पाहीना. इयत्ता आठवीतील एक मुलगा घड्याळ पाहून वहीत काही लिहीत होता. सव्वीस मिनिटांनी पक्षी परतला व त्याने पुन्हा पंख पसरले, तेव्हा कोठे आम्ही श्वास सोडला.

परतीच्या गाडीत आम्ही मुलांस बैलाची हकीकत सांगितली. यापूर्वी ती कोणास सांगितली नव्हती. तो आठवीतला मुलगा म्हणाला, “पण सर, तुम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.” थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहत तो हळूच पुढे म्हणाला, “आज ठाऊक होते.”

त्याच्या वहीत त्या दिवसाच्या नोंदीत पक्ष्यांच्या संख्येखाली ‘२६ मिनिटे’ असे लिहिले आहे. आमचे छायाचित्र उत्तम आले आहे; पाठीवरील पांढरा पट्टा इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. विज्ञानाच्या वर्गात ते लावावे असा मुलांचा आग्रह आहे. आम्ही अद्याप लावलेले नाही.