चोडणच्या चिखलातली शाळा

शाळेच्या पुस्तकातली अन्नसाखळी तीन बाणांत संपते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. हीच साखळी पळताना, उडताना दाखवायची असेल तर बेळगावकरांना फार लांब जायला नको. चोर्ला घाट उतरून पणजीजवळचे रायबंदर गाठावे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडावी. पलीकडच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य दोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण धडा मोठा देते.

जावे ते ओहोटीची वेळ विचारून. पाणी उतरले की खारफुटीखालचा चिखल उघडा पडतो आणि वर्ग भरतो. चिखलातून वर आलेली टोके पाहून मुले हमखास विचारतात, "ही मुळं उलटी का?" चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते.

साखळीची सुरुवात गळलेल्या पानापासून करावी. मुलांना तो कचरा वाटतो. खरे तर ते इथले वाढलेले ताट आहे. खेकडे ते कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी कुजवतात, त्या कणांवर कोळंबी आणि माशांची पिल्ले पोसतात. एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा दिसला, की हशा पिकतो. ती मोठी नांगी नराची, मिरवायला आणि भांडायला. जेवतो तो लहान नांगीने. शेजारी निवटा हा मासा चक्क चिखलावर उड्या मारतो. तेवढ्यात खंड्या सूर मारतो, बगळा मान ताणतो. या खाड्यांत मगरीही आहेत.

इथे एखादे मूल हिरमुसते. "बगळा वाईट आहे, त्याने मासा खाल्ला." त्याला गप्प करू नये. बगळ्यालाही घरट्यात पिल्ले असतात, हे सांगावे. खाल्लेल्या अन्नातला साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीवर पोचतो, म्हणून मासे पुष्कळ, बगळे थोडे आणि मगरी त्याहून थोड्या, हेही सांगावे.

परतीपूर्वी मुलांना गोल उभे करून एकाला पान, एकाला खेकडा, एकाला कोळंबी, एकाला बगळा करावे. सुतळीचे एक टोक पानाच्या हाती देऊन ती सगळ्यांच्या हातांतून फिरवावी. मग पानाला सुतळी सोडायला सांगावी. ताण सगळ्यांच्याच हातातून जातो. शब्दांची गरज उरत नाही.

आणि माणूस कुठे? दुपारी ताटात कोळंबीचे हुमण येईल तेव्हा मुलांनाच विचारावे. जे मूल बोटाने ताटाकडून खिडकीबाहेरच्या खारफुटीकडे दाखवील, त्याला पुढे कोणी झाडे तोडून चिखलात भराव घालू लागले, तर ते आपल्याच ताटावर पडते आहे, हे समजावून सांगावे लागणार नाही.