फंक्शनल मेडिसिन: आमच्या घरातले गैरसमज

गेल्या वर्षापासून आमच्या घरात ‘फंक्शनल मेडिसिन’ या शब्दावरून दोन तट पडले आहेत. आत्याला बारा वर्षांपासून मधुमेह. साखर तशी आटोक्यात, पण थकवा जाईना आणि तळपायांना सतत मुंग्या. ‘वयोमानाने होतं’ हे ऐकून ती कंटाळली होती. शेवटी आतेभावाने बंगळुरूहून फंक्शनल मेडिसिनच्या एका डॉक्टरांची व्हिडिओ कॉलवर वेळ घेतली. बाबा म्हणाले, ‘‘सगळी भोंदूगिरी.’’ आतेभाऊ म्हणाला, ‘‘मामा, हेच खरे डॉक्टर. बाकीचे नुसत्या गोळ्या देतात.’’ इंदूरमध्ये आमचं औषधांचं दुकान आहे आणि मी फार्मासिस्ट, म्हणून दोघंही निवाडा मागायला माझ्याच काउंटरवर आले.

कागद चाळले तेव्हा वाटलं, चूक दोन्हीकडे थोडीथोडी आहे.

बाबांना वाटत होतं, हे आयुर्वेदाचं किंवा निसर्गोपचाराचंच नवं इंग्रजी नाव. तसं नाही. ही पद्धत अमेरिकेतली. जेफ्री ब्लँड या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये तिच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था सुरू केली. आहार, झोप, ताण, पचन, व्यायाम या सगळ्यांचा एकत्र विचार करायचा आणि आजाराच्या कारणाकडे बघायचं, असा तिचा दावा. त्यासाठी रक्ताच्या भरपूर तपासण्या होतात आणि बऱ्याचदा सप्लिमेंट्सही दिल्या जातात.

आतेभावाला वाटत होतं, हृदयरोगतज्ज्ञ असतात तसेच हेही तज्ज्ञ. हेही खरं नाही. वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून फंक्शनल मेडिसिनला ना भारतात मान्यता आहे, ना अमेरिकेत. एमडी झालेले डॉक्टर हे काम करतात, आहारतज्ज्ञ करतात आणि काही महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले ‘कोच’ही करतात. पाटी एकच, पण आतला माणूस कोणीही असू शकतो. म्हणून ‘फंक्शनल मेडिसिनवाले कसे असतात?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. समोरचा माणूस कोण आहे, एवढंच विचारता येतं.

आत्याचे डॉक्टर एमडी मेडिसिन होते. त्यांनी तासभर तिचं ऐकून घेतलं. बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे आणि बी-१२ एकदाही तपासलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तपासलं तर फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, हे औषधशास्त्राच्या पुस्तकात आम्हीही शिकलो होतो. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. सगळे भोंदू, हे बाबांचं म्हणणं इथे टिकलं नाही.

पण ‘मुळाशी फक्त हेच जातात’ हेही त्यावरून सिद्ध होत नाही. ही तपासणी कोणत्याही फॅमिली डॉक्टरांना सांगता आली असती. फरक ज्ञानाचा नव्हता, वेळेचा होता. ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असताना पाच मिनिटांत बारा वर्षांचा इतिहास कोण विचारणार?

त्याच फाइलीत दुसरा एक रिपोर्ट होता. शंभरेक पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी, आयजीजी प्रकारची. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, सगळं लाल रंगात. आत्याने एका दिवसात सगळं बंद केलं. पोळी गेली, वरण गेलं, पोह्यांवर शेव आणि जीरावन उरलं, शेंगदाणे गेले. आपण जे रोज खातो त्याची आयजीजी प्रतिपिंडं निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात. त्यावरून अ‍ॅलर्जी किंवा इनटॉलरन्स ठरवू नये, असं अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. दोन महिन्यांत आत्याचं वजन उतरलं आणि कमी होत आलेला थकवा पुन्हा वाढला. जास्त तपासण्या म्हणजे जास्त खोल उपचार, हा समज तिला महागात पडला.

सप्लिमेंट्सबद्दल तर घरात एकमत होतं, ‘नैसर्गिक आहे, त्रास काय होणार?’ दुकानात बसून मला उलटं दिसतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. ड जीवनसत्त्व अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. हळद आणि अश्वगंधेच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वॉरफेरिन घेणाऱ्याने के जीवनसत्त्वाची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘हे लोक गोळ्या बंद करायला लावतात’ हा आणखी एक सरसकट समज. आत्याच्या डॉक्टरांनी एकही गोळी बंद केली नाही. मात्र आमच्या एका तरुण गिऱ्हाइकाला लहानपणापासून टाइप १ मधुमेह. इंटरनेटवरच्या एका कोचच्या सांगण्यावरून त्याने इन्सुलिन सोडलं आणि चौथ्या दिवशी तो आयसीयूत होता. वाचला. तो कोच डॉक्टर नव्हता, हे त्याच्या आईला दवाखान्यात कळलं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आत्याने नव्या डॉक्टरांबद्दल आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना काहीच सांगितलं नव्हतं. ‘‘अगं, त्यांना वाईट वाटेल. वीस वर्षांचे संबंध आहेत,’’ ती म्हणाली. म्हणजे एकाच माणसाच्या दोन फाइली आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. मी तिला घेऊन गेले आणि दोन्ही फाइली त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांना वाईट वाटलं नाही. बी-१२ त्यांनी चालू ठेवलं, अकरापैकी आठ सप्लिमेंट्स बंद केल्या आणि पोळी-वरण परत सुरू करायला सांगितलं. मग नव्या डॉक्टरांना फोनही केला.

आईवडिलांसाठी ऑनलाइन वेळ घेणारे आता आपणच आहोत, म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय? २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार तो क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असायलाच हवा आणि मेडिकल कौन्सिलच्या यादीत ताडून पाहता येतो. या तपासणीने उपचारात नेमकं काय बदलणार? सप्लिमेंट्स तुम्हीच विकता का? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलाल का? आणि ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात दिसली तर प्रश्नांचीही गरज नाही. तशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

चांगला डॉक्टर, पाटी कोणतीही असो, या प्रश्नांनी दुखावत नाही. जो चिडेल, त्याच्याकडे दुसरी वेळ घेऊ नका.