किल्लारीच्या वाटेवरची घरं

नांदेडच्या जुन्या भागात, होळी आणि चौफाळ्याच्या गल्ल्यांमधून चालताना माझी नजर सारखी छपरांकडे जात होती. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत इकडे घरोघरी आहे. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड परिसर ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं हादरला, तेव्हा पत्र्यांवरचे हे दगड उतरवून ठेवा, असं प्रशासनानं लोकांना सांगितलं होतं. जुलैत पुन्हा तेवढाच धक्का बसला. डोक्यावर किती ओझं घेऊन झोपायचं, हा मराठवाड्यात जिवाचा प्रश्न आहे. त्याचं सगळ्यात मोठं उत्तर जिथे बांधलं गेलं, त्या किल्लारीकडे मी निघाले होते.

लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना सोयाबीन, आणि गाव आलं की सिमेंटच्या घरांमागे डोकावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती. माळवदाची घरं अजून बरीच आहेत. सागवानी खांब, त्यावर तुळया, मग फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खाली भर उन्हाळ्यात गारवा. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, म्हणजे थर वर्षानुवर्षं वाढतच जायचा. अशा घरात राहिलेल्या माणसाला स्लॅबखालचा मे महिना सोसत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

लातुरात १९१७ सालच्या गंजगोलाईला वळसा घातला, औसा मागे टाकलं आणि लामजना पाटीवरून किल्लारी गाठली.

जुन्या किल्लारीत स्मारक आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. बाकी गाव म्हणजे बाभळी आणि दगडांचे उंचवटे. १९९३ च्या त्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या धक्क्यात इतके मृत्यू का झाले, याचं कारण भिंतींमध्ये होतं. दोन-तीन फूट जाड भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण ती आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन थरांची होती आणि मधे दगडगोटे, माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. धक्क्यासरशी भिंती फुटल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. अनेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरलेही होते. पण दख्खनचं पठार स्थिर, हा समज पक्का होता. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला.

नंतर जे बांधकाम झालं, ते महाराष्ट्रातल्या सरकारी घरबांधणीचं एक मोठं पर्व आहे. जागतिक बँकेचं कर्ज, राज्य सरकार आणि कितीतरी संस्था यांच्या बळावर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घर जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. शेतीच्या उताऱ्यावरून घराची खोली मोजली गेली, हे मला आजही टोचतं. रुंद सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट. जुन्या गावात हाकेच्या अंतरावर असलेले भाऊबंद नव्या गावात दोन टोकांना गेले.

औसा तालुक्यातल्या गुबाळला सिमेंटचे घुमट बांधून दिले होते. घुमट भूकंपात चांगला तग धरतो, हे खरं. पण वाकलेल्या भिंतीला कपाट कसं टेकवायचं? त्याच तालुक्यात मलकोंडजीला लोकांना विचारून, त्यांना सोबत घेऊन घरं उभी केली. एकाच आपत्तीनंतरची ही दोन गावं पाहिली की घर बांधून देणं आणि घर बांधू देणं यातला फरक कळतो.

ही घरं आता तिशी ओलांडून गेली आहेत. लोकांनी पुढे पडवी काढली, मागे गोठा जोडला, वर मजला चढवला. ते योग्यच आहे, संसार वाढतो. पण मी जिथे जिथे फिरले तिथे १९९५-९६ साली हाती आलं तसं घर मला शोधावं लागलं. दुसरीकडे अशी घरं जपलीही जातात. शिकागोत जेन अ‍ॅडम्स होम्स या १९३८ सालच्या सरकारी वसाहतीची एक इमारत उरली होती. २०२५ मध्ये तिथे सार्वजनिक घरांचं संग्रहालय उघडलं. मुंबईत बीडीडी चाळींची जागा आता टॉवर घेत आहेत. तिथल्या खोल्यांवर निदान लिहिलं-बोललं तरी जातं. किल्लारीच्या २५० फुटांच्या घराबद्दल कोण बोलतं? त्यातलं एक, गुबाळचा एक घुमट, आणि तिसरं एक घर राखलंच पाहिजे, असं मला वाटतं.

हे तिसरं घर फारसं कुणी बघायला जात नाही. गावं हलवण्याच्या गाजावाजात दीड लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती झाली होती, त्यांपैकी ते एक. भिंतीला आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतात. माळवदाची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके आधार द्यायचे. गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक होऊन हे लोकांना समजावलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामातून उभी राहिली. भूकंपानंतर दगडाच्या नावानंच लोकांना धडकी भरायची. त्या काळात घरमालकाला पुन्हा त्याच भिंतीआड झोपायला राजी करणं किती अवघड गेलं असेल!

औसा तालुक्यातल्याच एका गावात असं घर मिळालं. छतातल्या साण्यातून उजेडाचा चौकोन जमिनीवर पडला होता. भिंतीवर काँक्रीटचे गोल ठिपके ओळीनं दिसत होते. घरच्या आजींनी ते हातानं दाखवले. मुलगा हे पाडून स्लॅब टाकायचं म्हणतो, असं म्हणाल्या. मी सुचवलं, ग्रामपंचायतीनं घेतलं तर? पुढे अंगणवाडी भरेल, मागच्या खोलीत नव्या गवंड्यांना ही भिंत उघडून दाखवता येईल. ज्या गवंड्यांनी तेव्हा हे काम केलं, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून शिकायला अजून थोडी वर्षं हातात आहेत.

आजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घ्या की. पर दर उन्हाळ्यात वर माती कोन टाकनार, ते आदी ठरवा."