ध्यानासाठीं दूरदेशीं

परवां एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो नोकरीनिमित्त सिंगापुरास असतो. “सर, येत्या हिवाळ्यांत बालीला दहा दिवस मौनांत राहूं, तिकिटाची काळजी आपण करूं नये,” असें त्यानें मोठ्या प्रेमानें लिहिलें आहे. उत्तर मीं अद्याप धाडलेलें नाहीं.

२०१८ सालीं अशाच एका शिबिरासाठीं मी थायलंडला जाऊन आलों. अशा शिबिरांची थट्टा करणें सोपें आहे, आणि मित्रमंडळींत मीं ती केलीही आहे. पण पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षें जी झोप येत नव्हती, ती मला तेथें चौथ्या रात्रीं लागली. ती झोप खोटी होती, असें मी कोणाच्याही समाधानासाठीं म्हणणार नाहीं.

तरीही एक गोष्ट सलते. जालन्याहून मुंबईस जाणारी आगगाडी इगतपुरीवरून जाते. सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं ब्रह्मदेशांतून विपश्यना इकडे आणली, आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून तिचीं शिबिरें भरत आलीं आहेत. शुल्क नाहीं; पूर्वींच्या साधकांच्या दानावर सारें चालतें. तेथें परदेशांतून माणसें येतात. मी मात्र त्याच स्थानकावर खिडकींतून चहा घेतला आणि विमानतळाकडे पुढें गेलों! कारण काय? ओळखीच्या मुलखांत मन मोकळें होणार नाहीं, अशी समजूत; आणि ‘परदेश’ या शब्दाची मोहिनी.

परतल्यावर घनसावंगी तालुक्यांत थोरल्या भावाकडे गेलों. २०१२-१३ च्या दुष्काळांत जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यांत आमचीही गेली. दादानें हातानें लावलेलीं झाडें हातानेंच तोडलीं. शिबिराची हकीकत त्यानें शांतपणें ऐकली आणि विचारलें, “इमानाला तेल किती लागतं रे?” त्यांत टोमणा नव्हता. मोटारपंपाच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याचें तें साधें कुतूहल होतें.

हिशेब मीं मागाहून केला. मुंबई ते बँकॉक, जाऊन येऊन सुमारें ६,००० किलोमीटर. माणशीं अर्ध्या टनाच्या आसपास कर्बवायु. आपल्या देशांत माणशीं वर्षाची सरासरी सुमारें २ टन. म्हणजे दहा दिवसांच्या शांतीसाठीं मीं एका माणसाचा तीन महिन्यांचा वाटा आकाशांत सोडला. माझ्या प्रवासानें दादाची बाग वाळली नाहीं; ती आधींच गेली होती, आणि एका प्रवाशानें ऋतु बिघडत नाहींत, एवढें मलाही कळतें. पण हवेंत सांचणाऱ्या उष्म्याची झळ प्रथम लागते ती विमानांत कधींच न बसलेल्यांना.

वर्षावासाच्या नियमाचें कारण विनयपिटकांत दिलें आहे. भिक्षु भर पावसाळ्यांत हिंडत; कोवळें गवत तुडविलें जाई, बारीकसारीक जीव मरत. लोकांनीं कुरकूर केली. ‘आमचा हेतु थोर आहे,’ असें उत्तर बुद्धांनीं दिलें नाहीं. पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणीं राहावें, असा नियम घातला. आमच्या शेजारच्या अजिंठ्याचे विहार अशाच मुक्कामाचे. वर्गांत हें मीं किती वेळां सांगितलें असेल! तिकीट काढतांना मात्र तें आठवलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मग घरींच बसावें काय? तसें मी म्हणत नाहीं. आमच्याच तालुक्यांतल्या जांबेस १६०८ सालीं जन्मलेले समर्थ घर सोडून नाशिकजवळच्या टाकळीस गेले, आणि पुढें सारा देश हिंडले. दूर जाण्याची ओढ खरी आहे. परंतु त्यांच्या भ्रमणाचा भार त्यांच्याच पायांवर होता. माझा कोणाच्या पायांवर पडला, तें मीं पाहिलेंच नव्हतें.

विद्यार्थी दिवाळींत आईला भेटावयास येणारच आहे. तेव्हां दोघांनीं मिळून इगतपुरीस उतरावें, असें त्याला आज लिहितों. तेथें मला झोप लागेल काय, ही धास्ती मात्र त्याला कळविणार नाहीं.